शब्द कोणाचा, तारीख कोणाची?



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी उमर ऊसतोड कामगारांत गेली. हंगामाच्या किती आधी मुकादम उचल वाटतो, यावरून त्या साली माणूस किती अडकणार हे मला ओळखता येते. त्यामुळे अमेरिकेतील विद्यापीठे शाळकरी खेळाडूंची भरती केव्हा करतात, हा विषय वाचनात आला तेव्हा तो मला परका वाटला नाही.

तिकडे विद्यापीठांचा खेळ हा आरंभापासून व्यवहाराशी जोडलेला आहे. १८५२ साली हार्वर्ड व येल यांच्यात पहिली नौकाशर्यत झाली, तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता. १९०६ साली विद्यापीठांनी नियमनासाठी संस्था काढली. तीच पुढे एनसीएए म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५६ साली या संस्थेने गरज न पाहता केवळ खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास मुभा दिली, आणि चांगल्या मुलांसाठी आधीपासूनच चाललेली ओढाताण वाढली.

तिला आवर घालण्यासाठी १९६४ साली एक करारपत्र निघाले. शाळेच्या शेवटच्या वर्षी, नेमलेल्या मुदतीत मुलाने सही करावयाची. मग इतर विद्यापीठांनी त्याचा पिच्छा सोडावयाचा. घरच्या माणसांना थोडी उसंत मिळाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुलाने बेत बदलला तर त्याला खेळण्याचा काही काळ गमवावा लागे. ज्याच्या भरवशावर त्याने सही केली तो प्रशिक्षक मात्र दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे जाण्यास मोकळा असे. शिवाय १९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच झाली.

सहीची तारीख ठरली तशी शर्यत तिच्या अलीकडे सरकली. एक प्रशिक्षक आधी गेला की दुसऱ्याला त्याच्याही आधी जाणे भाग पडे. प्रशिक्षकाने लहान मुलाला फोन करावयाचा नाही, असा नियम होता. पण मुलाने प्रशिक्षकाला फोन केलेला चाले. २०१० साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने एका तेरा वर्षांच्या मुलाला जागा देऊ केली आणि मुलाने शब्द दिला. मुलगा विद्यापीठात जाण्याच्या वयाचा होण्यापूर्वीच त्या प्रशिक्षकाची नोकरी गेली होती. मुलगाही दुसऱ्याच विद्यापीठात गेला. आमच्याकडे निदान उचल हातात पडते. तिथे नुसता शब्द, तोही कायद्याने कोणासच न बांधणारा.

अखेर प्रशिक्षकच थकले. लॅक्रॉसच्या प्रशिक्षकांनी मागणी केली, आणि २०१७ साली अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी बोलणी करण्यास त्या खेळात बंदी आली. २०१९ साली बहुतेक खेळांना दहावीनंतरचा १५ जून, अथवा अकरावीचा १ सप्टेंबर, अशी हद्द घालण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जुने करारपत्रही रद्द झाले.

सुधारणा झाली, ती चांगलीच झाली. तथापि एक गोष्ट पाहा : तारीख पुढे सरकली काय किंवा मागे सरकली काय, ती भरती करणाऱ्यांनीच ठरविली. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. वर्षअखेर त्यांना तो अर्ज मागे घ्यावा लागला. ज्याच्या आयुष्याची वर्षे मोजली जातात, त्याला ती तारीख ठरविण्यात जागा मिळाली पाहिजे. उसाच्या फडात मी हेच मागत आलो, आणि त्या मुलांसाठीही मला दुसरे काही मागावेसे वाटत नाही.