क्रोनोग्राफ नेमका कोणाचा?

ऑक्टोबर 2017मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना हे मनगटी घड्याळ 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलरला गेलं. तबकडीवर नाव अर्थातच रोलेक्सचं. पण ज्या मशीनमुळे ते क्रोनोग्राफ ठरतं, म्हणजे बटण दाबताच सेकंदकाटा ज्याच्यामुळे धावतो, थांबतो आणि पुन्हा शून्यावर येतो, ते मूळचं रोलेक्सचं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ व्हाले द झू खोऱ्यातल्या व्हालझू या कारखान्याचं ते 72 क्रमांकाचं मशीन. रोलेक्सने त्यात थोडे फेरफार केले, एवढंच. हेच व्हालझू 72 त्याच काळात हॉयर या दुसऱ्या कंपनीच्या कॅरेरा घड्याळातही धावत होतं आणि तबकडीवर नाव हॉयरचं होतं. क्रोनोग्राफचा जो इतिहास आपल्याला सांगितला जातो, तो या तबकड्या वाचून लिहिलेला आहे. माझं म्हणणं असं की तो मशीन उघडून लिहायला हवा. तसा लिहिला तर त्याचे नायक बदलतात.

आधी हे काम एवढं अवघड का, ते पाहू. वेळ दाखवणारं घड्याळ एकाच लयीत अखंड चालत राहतं. क्रोनोग्राफला त्या चालत्या गाडीत एक डबा जोडायचा असतो, तो सोडवायचा असतो आणि मूळ लयीला धक्काही लागू द्यायचा नसतो. लुई म्वाने यांनी 1816पर्यंत पूर्ण केलेलं यंत्र सेकंदाचा साठावा भाग मोजत असे, आणि ते होतं खगोल निरीक्षणासाठी. निकोला रिओसेक यांनी 1821मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरलेलं यंत्र फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका उमटवत असे. पण शाईची तबकडी पुसावी लागते. काटा एका दाबासरशी शून्यावर यावा, ही खरी गाठ अदोल्फ निकोल यांनी 1844च्या पेटंटमधल्या हृदयाच्या आकाराच्या कॅमने सोडवली. कल्पना साधी आणि अतिशय देखणी आहे. काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराचा छोटा तुकडा बसवलेला असतो. बटण दाबलं की एक चपटी हातोडी त्याच्या कडेवर आदळते. काटा कुठेही असो, बदाम त्या दाबाखाली घसरत फिरतो आणि त्याची खोलगट बाजू हातोडीला भिडली की थांबतो. ती जागा म्हणजेच शून्य. आज लाखो रुपयांच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही हाच बदाम असतो. ही युक्ती वापरून सुरू, बंद आणि शून्य या तिन्ही क्रिया करणारं खिशातलं घड्याळ 1862च्या लंडनच्या प्रदर्शनात आलं, आणि ते निकोल यांच्या लंडनच्या कारखान्यात काम करणाऱ्या आंरी-फेरेओल पिगे यांनी घडवलेलं होतं. निकोल आणि पिगे दोघेही मूळचे व्हाले द झूचे.

समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात हिवाळा लांब आणि शेती तुटपुंजी. बर्फ पडला की शेतकरी कुटुंबं खिडकीजवळच्या बाकावर बसून घड्याळाचे सुटे भाग घासत. त्यातूनच गुंतागुंतीच्या मशीनचे कारखाने उभे राहिले. तिथल्या लोरियाँ गावात आल्फ्रेड ल्यूग्रँ यांनी 1884मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे लेमानिया म्हणून ओळखला गेला. 1942मध्ये लेमानियाच्या आल्बेर पिगे यांच्या हातून जे क्रोनोग्राफ मशीन तयार झालं, ते ओमेगाने 321 या क्रमांकाने वापरलं, आणि 1957पासून आपल्या स्पीडमास्टर या घड्याळात बसवलं. नासाने 1965मध्ये कसोटी घेऊन अंतराळवीरांसाठी निवडलं ते हेच घड्याळ. आता दुसऱ्या टोकाला पाहा. पाटेक फिलिप या घड्याळ घराण्याने 1986मध्ये 3970 हे अखंड पंचांगासह क्रोनोग्राफ असलेलं घड्याळ आणलं. त्याचा पायाही लेमानियाच्या याच घराण्यातल्या मशीनचा. अंतराळवीराचं कामाचं अवजार आणि धनाढ्याच्या मनगटावरचा दागिना एकाच आराखड्यावर उभे होते. पाटेकचं त्याआधीचं 1518 आज संग्राहकांचं दैवत आहे. 1941पासून त्याचे जेमतेम 281 नग बनले, आणि पोलादी केसमधला एक 2016मध्ये जिनिव्हात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकच्या वर गेला. त्याचाही क्रोनोग्राफ व्हालझूच्या पायावर होता आणि पंचांगाची जुळणी त्याच खोऱ्यातल्या व्हिक्टोरँ पिगे यांच्या कार्यशाळेची.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. दुसऱ्याने बनवलेलं कच्चं मशीन विकत घेऊन त्यावर काम करणं म्हणजे फसवणूक नव्हे. स्विस घड्याळांचा सगळा धंदाच कामाच्या वाटणीवर उभा होता. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’मध्ये ला शो-द-फों या गावाचं वर्णन घड्याळांचा एकच मोठा कारखाना असं केलं, ते उगाच नव्हे. शिवाय पाटेकच्या कारागिरांनी त्या पायावर केलेलं काम थोडंथोडकं नव्हतं. प्रत्येक पट्टीची कड तिरकी घासून चकचकीत करणं, दात्यांचा स्पर्श अचूक जुळवणं, महिनोन्‌महिने चाल तपासणं यामुळेच ते घड्याळ पाटेक ठरतं. हे सगळं मला मान्य आहे. पण त्यातून निघतं एवढंच, की श्रेय दोघांचं आहे. येवल्याच्या पैठणीला दुकानाचं नाव लागतं म्हणून विणकर नव्हताच, असं कोणी म्हणत नाही. घड्याळांच्या बाबतीत मात्र जाहिरातींनी, आणि जाहिरातींवरून लिहिलेल्या पुस्तकांनी, जवळजवळ तेच म्हटलं.

आणि हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. ज्ञान कोणाच्या हातात आहे हे न कळल्याचे परिणाम 1970च्या दशकात दिसले. 1969मध्ये झेनिथ या स्विस कंपनीने एल प्रिमेरो हे तासाला 36,000 ठोके देणारं स्वयंचलित क्रोनोग्राफ मशीन जाहीर केलं. झेनिथकडे ही विद्या मुख्यतः आली ती विकत घेतलेल्या मार्तेल या मशीन पुरवणाऱ्या कारखान्यातून. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जपानच्या सीकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि काही वर्षांतच यांत्रिक घड्याळं निरर्थक वाटू लागली. झेनिथ तोवर शिकागोच्या एका रेडिओ कंपनीच्या मालकीची झाली होती. 1975मध्ये यांत्रिक मशीन बंद करून अवजारं मोडीत काढायचा हुकूम आला. कारखान्यातले शार्ल व्हेर्मो यांनी आधी लेखी विरोध केला. तो फेटाळला गेल्यावर त्यांनी प्रेस, डाय (म्हणजे साचे) आणि कॅम कामाच्या वेळेबाहेर ल लोक्लमधल्या कारखान्याच्या माळ्यावर नेऊन दडवले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली आणि कोणता भाग कशाने व कसा बनतो याच्या नोंदी लिहून ठेवल्या. त्या नोंदी महत्त्वाच्या होत्या, कारण नकाशा हाती असूनही डाय नसेल तर नवं मशीन बनवायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो. 1980च्या दशकात क्रोनोग्राफची मागणी परतली तेव्हा हीच अवजारं माळ्यावरून खाली आली. 1988मध्ये रोलेक्सने नव्या डेटोनासाठी निवडलं ते एल प्रिमेरोच, ठोके 28,800वर आणून आणि तारीख काढून. 2000पर्यंत डेटोना याच मशीनवर चालला.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता मोठी घराणी स्वतःच मशीन बनवतात, मग जुनी धुणी कशाला धुवायची? बनवतात हे खरं. जर्मनीच्या लांगेने 1999मध्ये डाटोग्राफ आणला, रोलेक्सने 2000मध्ये आपलं 4130 मशीन, आणि पाटेकने 2009मध्ये आपलं हाताने चावी देण्याचं साधं क्रोनोग्राफ मशीन. पण तारखांकडे नीट पाहा. लेमानिया 1999मध्ये ब्रेगे या घड्याळ कंपनीसोबत स्वॉच या स्विस घड्याळ समूहाकडे गेली आणि त्याच समूहाने 2002मध्ये बाहेरच्यांना कच्ची मशीनं पुरवणं थांबवण्याचा मनोदय जाहीर केला. ‘सगळं आमच्याच घरचं’ हा अभिमान मोठ्या आवाजात मिरवला जाऊ लागला तो त्या सुमारास, पुरवठ्याची वाट अरुंद होऊ लागल्यावर. 1941चं 1518 आणि पाटेकचं स्वतःचं 2009चं मशीन यांच्यात 68 वर्षांचं अंतर आहे. ही विद्या किती कठीण होती आणि इतकी वर्षं ती कोणी सांभाळली, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

अचूकतेच्या मुद्द्यावर वाद घालण्याची गरजच नाही. हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ यातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा नेमकी वेळ सांगतं. म्हणजे यांत्रिक क्रोनोग्राफची आजची किंमत वेळेची नाहीच, ती हातांच्या कसबाची आहे. युनेस्कोने 2020मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्वित्झर्लंड आणि फ्रान्सचं यांत्रिक घड्याळ बनवण्याचं कौशल्य घेतलं. तो मान कोणत्याही ब्रँडला दिलेला नाही. पैसा जर कसबाचा घेतला जात असेल, तर विकणाऱ्याने ते कसब कोणाचं हे स्पष्ट सांगायला हवं: जाहिरातीत, लिलावाच्या यादीच्या पहिल्याच ओळीत, आणि संग्रहालयात घड्याळाखालच्या पाटीवरही. व्हालझू, लेमानिया, मार्तेल, व्हिक्टोरँ पिगे ही नावं त्या पाटीवर तबकडीवरच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात यायला हवीत.