संगीत विनोदी नाटकाचे घरगुती ध्वनिचित्रमुद्रण आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीचा इतिहास

प्रस्तावना

रंगभूमीच्या इतिहासाची साधने म्हणून संहिता, जाहिराती, परीक्षणे, नटांची आत्मचरित्रे आणि ध्वनिमुद्रिका यांचा उपयोग आजवर होत आला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या साधनांत घरी पाहण्यासाठी तयार केलेल्या ध्वनिचित्रफितींची भर पडली. संगीत विनोदी नाटकाच्या बाबतीत हे साधन विशेष मोलाचे वाटते. विनोदाची वेळ, नटाची चाल, पदाच्या आधीचा विराम या गोष्टी छापील संहितेत उतरत नाहीत. त्या फितीत दिसतात. तथापि मुद्रण ज्या हेतूने झाले, त्या हेतूने प्रयोगाचे रूपही काही अंशी बदललेले असते. हा बदल कोणता, आणि साकोली परिसरातील झाडीपट्टीच्या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यास तो का विचारात घ्यावा लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाश्चात्त्य ऑपेरेटा आणि मराठी संगीत नाटक

युरोपातील विनोदी ऑपेरा व ऑपेरेटा आणि मराठी संगीत नाटक यांची घडण स्वतंत्र आहे. मात्र गद्य संवाद, पदे आणि प्रहसनात्मक कथानक यांचे मिश्रण दोहोंत आढळते. काही ठिकाणी प्रत्यक्ष नातेही दिसते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या १७६१ मधील इंग्रजी सुखात्मिकेवर आधारलेले असून तिचे मूळ मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनात आहे. देवलांनी प्रथम १८९३ मध्ये ते गद्यात रचले. पुढे पदांची जोड मिळून १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. जॉन गे यांच्या १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’वरून ब्रेख्तने १९२८ मध्ये नवी कृती सिद्ध केली, आणि तिच्यावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये सादर केला. त्यामुळे ऑपेरेटाच्या मुद्रणाचा अनुभव मराठी अभ्यासकास अगदी परका ठरत नाही.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या विनोदी ऑपेरांची परंपरा डॉयली कार्ट कंपनीने सुमारे शंभर वर्षे सांभाळली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ही कंपनी बंद पडली. त्याच सुमारास या ऑपेरांची एक मोठी मालिका दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेटसाठी चित्रित झाली. तिच्यातील अनेक कृती ठराविक वेळेत बसविण्यासाठी संक्षिप्त करण्यात आल्या. म्हणजे ज्या वर्षी परंपरेची जिवंत साखळी तुटली, त्याच सुमारास तिची संक्षिप्त प्रत घरोघरी जाऊ लागली. ‘मिकाडो’मधील यादीच्या गीतात त्या त्या काळातील माणसे आणि प्रसंग घालण्याची रूढी आहे. मुद्रणात मात्र त्या गीताचे एकच रूप कायम होते आणि पुढील प्रेक्षक त्यालाच मूळ समजू लागतो.

तबकडीपासून व्हीसीडीपर्यंत

मराठी रंगभूमीला हा अनुभव तबकडीच्या काळातच आला होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत लांबत जाणारे पद त्या मर्यादेत बसविताना आलापी आखडली जाई. पुढच्या पिढ्यांनी बालगंधर्वांचे गायन प्रामुख्याने याच आखडलेल्या रूपात ऐकले आणि त्यावरूनच त्यांच्या प्रयोगाची कल्पना केली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि नाटक घरात बसून पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकास हळूहळू लागली. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट १९७६ मध्ये जपानमध्ये आली. ऐंशीच्या दशकात ती भारतीय घरांत पोहोचली. व्हीसीडीचे तांत्रिक मानक १९९३ मध्ये ठरले आणि शतकाच्या वळणावर मराठी नाटके या स्वस्त तबकड्यांवर मोठ्या प्रमाणात विकली गेली. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. तीन तासांच्या नाटकास तीन तबकड्या लागतात. दोन तबकड्यांत बसवायचे तर सुमारे अर्धा तास कापावा लागतो. अशा वेळी पदांची आवर्तने आणि कथानकास थेट न लागणारे विनोदी प्रसंग यांवर प्रथम कात्री चालणे स्वाभाविक होते.

दुसरा परिणाम चौकटीचा आहे. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते. एवढ्या चित्रात संपूर्ण रंगमंच दाखविल्यास नटांचे चेहरे ओळखू येत नाहीत. म्हणून कॅमेरा बोलणाऱ्याच्या जवळ जातो. संशयावर उभ्या असलेल्या विनोदाला हे बाधक ठरते. ‘संशयकल्लोळ’मध्ये मूर्च्छित रेवतीला फाल्गुनराव सावरतो ते कृत्तिका पाहते, आणि कृत्तिकेच्या हाती लागलेली अश्विनशेठची तसबीर फाल्गुनराव पाहतो. कोण कोणास पाहत आहे, हे प्रेक्षकास एकाच वेळी दिसण्यात येथील गंमत आहे. कॅमेरा एकाच चेहऱ्यावर स्थिरावला, तर पाहणारे दुसरे पात्र चौकटीबाहेर राहते आणि हशाचे कारणच नाहीसे होते. तसबीर खरी असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो, हे देवलांच्या नाटकाचे सूत्र ध्वनिचित्रफितीच्या अभ्यासकानेही ध्यानी ठेवावे असे आहे.

झाडीपट्टीचे वेगळेपण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धानाची कापणी आणि दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते आणि त्या रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक होते. वडसा (देसाईगंज) हे येथील नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. साकोली हे झाडीबोलीच्या चळवळीचे केंद्र असून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासामुळे बोलीबरोबरच दंडारीकडेही अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग, त्यातील गाणी, आणि गंभीर कथेलाही सोबत करणारे विनोदी पात्र ही या रंगभूमीची लक्षणे होत. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या परंपरेची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली.

‘संशयकल्लोळ’ची संहिता छापलेली आहे, ध्वनिचित्रफीत सदोष निघाली तरी मूळ पाठ हाती राहतो. दंडार आणि खडीगंमत यांची स्थिती तशी नाही. गण आणि गौळण यांचा साचा ठरलेला असला तरी सोंगाड्याचे बोलणे बहुतांशी त्या रात्रीचे असते. गावचा पाटील, यंदाचे धान, समोर बसलेला एखादा ओळखीचा माणूस यांवर तो विनोद रचतो. अशा प्रयोगाचे मुद्रण हाच त्याचा एकमेव पाठ ठरतो. त्यामुळे मुद्रण करणाऱ्याने जे वगळले, ते पुढे कोठूनही भरून काढता येत नाही.

विक्रीसाठी किंवा मोबाईलवर पाहण्यासाठी केलेल्या मुद्रणात निवड एका विशिष्ट दिशेने होते. दूरच्या प्रेक्षकास गावचा संदर्भ कळत नाही, म्हणून स्थानिक विनोद गळतो; बोली प्रमाणभाषेकडे झुकते; नृत्यगीते आणि सुटे विनोदी तुकडे मात्र टिकतात. झाडीपट्टीतील अनेक नाटके आज यूट्यूबवर उपलब्ध आहेत आणि ही उपलब्धता स्वागतार्हच आहे. परंतु केवळ त्यांवरून इतिहास लिहिला, तर झाडीपट्टीची रंगभूमी नृत्यगीतांची आणि चुटक्यांची होती, असा निष्कर्ष निघण्याचा धोका संभवतो.

२०२० च्या साथीने या प्रश्नाची निकड दाखवून दिली. मार्चमधील टाळेबंदी हंगामाच्या अखेरीस आली. राज्यातील नाट्यगृहांना ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने परवानगी मिळाली, तरी गर्दीवरच उभा असलेला मंडईचा प्रयोग त्या चौकटीत बसणारा नव्हता. मौखिक परंपरेत एक हंगाम हुकणे म्हणजे नवशिक्यांचे एक वर्षाचे शिक्षण हुकणे होय.

कलावंतांचा हक्क

मुद्रणाचा विचार करताना कलावंतांचा हक्कही दृष्टीआड करता येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. १९९९ मध्ये त्याची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षे करण्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीने हा हक्क अधिक विस्तारला. प्रयोग करणाऱ्याच्या संमतीवाचून केलेले मुद्रण आणि त्याची विक्री यांना हा कायदा, काही अपवाद सोडता, आक्षेप घेतो. तथापि एका रात्रीच्या बिदागीवर गाणाऱ्या कलावंतापर्यंत हा हक्क पोहोचविणारे कोणी असल्याशिवाय तो कागदावरच राहतो.

निष्कर्ष

घरी पाहण्यासाठी केलेले ध्वनिचित्रमुद्रण हे संगीत विनोदी नाटकाच्या इतिहासाचे महत्त्वाचे, परंतु हेतूने आकारलेले साधन आहे. त्याची लांबी, चौकट आणि प्रेक्षक लक्षात घेऊनच त्याचे वाचन व्हावयास हवे. जेथे छापील संहिता आहे, तेथे तिच्याशी ताडून हे दोष दाखविता येतात. जेथे ती नाही, तेथे मुद्रण करतानाच काळजी घेणे हा एकच मार्ग उरतो. एक स्थिर कॅमेरा संपूर्ण रंगमंचावर आणि दुसरा प्रेक्षकांवर ठेवून, न कापता, रात्रभराचा प्रयोग टिपणे. गाव, तिथी, कलावंत आणि वाद्ये यांची नोंद ठेवणे. स्थानिक संदर्भांचे स्पष्टीकरण त्याच आठवड्यात सोंगाड्याकडून लिहून घेणे. आणि कलावंतांची लेखी संमती घेऊन एक प्रत त्यांच्या स्वाधीन करणे, एवढे काम या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांच्या आवाक्यातील आहे. ते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातूनही होऊ शकेल. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या गावी मंडई दरवर्षी भरतेच.