एक पाठ, अनेक यंत्रे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याकडे मी गणित शिकलो आणि पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरलो. आज त्या क्षेत्राच्या इतिहासातील एका लहानशा योजनेविषयी बोलावे असा विचार आहे.

१९७३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली गेली. तोवर अशा प्रणाली बहुधा त्या त्या यंत्राच्याच भाषेत लिहीत. यंत्र बदलले की सारे लेखन रद्दी. पुढे १९७७-७८ मध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स १६ बिटांच्या पीडीपी-११ वरून ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ वर नेली. पूर्णांकाची लांबी बदलली, बाइटांचा क्रम बदलला. एकच पाठ दोन्हीकडे चालवावयाचा, तर यंत्रे जेथे भिन्न तेथे काय करावे?

सोय भाषेतच होती. सीचा पूर्वसंस्कारक १९७२-७३ च्या सुमारास, काही अंशी अॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे, जन्मला. आरंभी तो दुसरी फाइल आत घेई आणि नावाच्या जागी मजकूर ठेवी, इतकेच. माइक लेस्क आणि नंतर जॉन रायझर यांनी त्यात सशर्त संकलनाची भर घातली. 'इफडेफ' म्हणजे 'अमुक नाव ठरविलेले असेल तरच'. ती ओळ आणि 'एंडिफ' यांमधील मजकूर, अट पुरी न झाल्यास, संकलकाच्या दृष्टीसच पडत नाही. ग्यानबाची मेख येथेच आहे.

माझ्याकडे आलेल्या एका प्रणालीत तीन यंत्रांची अशी कलमे एकमेकांच्या पोटात शिरली होती. मी एक दुरुस्त केले. दुसरे जुनेच राहिले. माझ्या यंत्रावर संकलन निर्दोष! दोन वर्षांनी दुसरे यंत्र ग्राहकाकडे लागले आणि संकलन होईना. ती रात्र मी 'एंडिफ' मोजण्यात घालविली. दोष माझाच होता, पण योजनेने तो छान झाकला होता.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ साली, 'सी न्यूज' या आपल्या प्रणालीच्या अनुभवावरून, 'इफडेफ'च्या अतिवापराविरुद्ध निबंधच लिहिला. फरक वेगळ्या फाइलींत ठेवा, मुख्य पाठ स्वच्छ राहू द्या, असे त्यांचे म्हणणे. मला ते सर्वस्वी पटते.

२००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेचे कर्ते तिघे. त्यांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक पूर्वी बेल प्रयोगशाळेतच होते. त्यांनी पूर्वसंस्कारक ठेवलाच नाही. फाइलच्या नावाअखेर 'लिनक्स' असेल तर ती लिनक्सपुरती. अथवा शिरोभागी अटीची एक ओळ, जिचे आजचे रूप २०२१ च्या १.१७ आवृत्तीत आले. अट लागते ती संपूर्ण फाइलला. न पाहिलेली फाइल येथेही कुजू शकते, हे खरे. पण गोचा संकलक एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी संकलन करतो, त्यामुळे पाहणे सोपे झाले.

माझी ती तीन कलमे मी अखेर तीन फाइलींत काढली. अकरा दिवस लागले.