अंडे न फोडता : भ्रूणविकासाच्या प्रकाशपरीक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास साधारणतः २१ दिवस लागतात. या काळात कवचाच्या आत जीव वाढतो आहे की नाही, हे जाणून घेण्याचे दोनच मार्ग प्राचीन काळापासून उपलब्ध होते. एक, अंडे फोडून पाहणे. दुसरा, ते उजेडासमोर धरणे. पहिल्या मार्गातून भ्रूणशास्त्र ही विद्याशाखा उदयास आली. दुसरा मार्ग कुक्कुटपालन करणाऱ्यांच्या व्यवहारात राहिला व ज्ञानाच्या इतिहासात त्याची फारशी नोंद झाली नाही. या दोन मार्गांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

फोडून पाहण्याची परंपरा

हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यकीय लेखनात एक प्रयोग सुचविला आहे. वीस किंवा अधिक अंडी खुडूक कोंबड्यांखाली ठेवावीत व दुसऱ्या दिवसापासून रोज एक अंडे फोडून पाहावे, असे त्यात म्हटले आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने याच रीतीने निरीक्षण केले. तीन दिवस व तीन रात्री लोटल्यावर भ्रूणाचे पहिले चिन्ह दिसते आणि हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखे हलताना आढळते, अशी त्याची नोंद आहे. पुढे फाब्रिसियसचा ग्रंथ १६२१ मध्ये, विल्यम हार्वेचा १६५१ मध्ये व मार्चेल्लो माल्पिगीचा १६७३ मध्ये प्रसिद्ध झाला. माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करून रक्तवाहिन्यांचे जाळे रेखाटले. ख्रिस्तियान पांडर याने १८१७ मध्ये भ्रूणाच्या स्तरांचा शोध लावला, त्यासाठी त्याने दोन हजारांहून अधिक अंडी उघडली असे सांगितले जाते.

या पद्धतीची मर्यादा तिच्या स्वरूपातच होती. फोडलेल्या अंड्यातील जीव पुढे वाढत नाही. त्यामुळे चौथ्या दिवसाचा भ्रूण आणि दहाव्या दिवसाचा भ्रूण हे नेहमीच दोन वेगळ्या अंड्यांतील असत. विकासाचे जे अखंड चित्र ग्रंथांत दिसते, ते अशा अनेक खंडित जीवांची जोडणी करून तयार झालेले आहे.

उजेडात पाहण्याची परंपरा

रोमन लेखक व्हारो याने इ.स.पूर्व ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीविषयक ग्रंथ लिहिला. कोंबडीखाली ठेवावयाची अंडी विषम संख्येत असावीत, या समजुतीबरोबरच त्याने एक परीक्षाही नोंदविली आहे. अंडी उबविण्यास बसविल्यानंतर चार दिवसांनी राखणदाराने अंडे उजेडासमोर धरावे. ते स्वच्छ व सर्वत्र एकसारखे दिसल्यास काढून टाकावे व त्या जागी दुसरे ठेवावे. ॲरिस्टॉटलने अंडे फोडून सांगितलेला काळ आणि राखणदाराने न फोडता ठरविलेला दिवस यांचा मेळ बसतो, ही बाब लक्षणीय आहे. एकच सत्य विद्वानाला व राखणदाराला स्वतंत्र वाटांनी गवसले होते. मात्र विद्वानाचे नाव राहिले, राखणदारांचे राहिले नाही.

या परीक्षेमागील तत्त्व सोपे आहे. कवच काही अंशी प्रकाश आरपार जाऊ देते. फलित अंड्यात काही दिवसांनी एक गडद ठिपका व त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. अफलित अंडे निर्मळ दिसते. भ्रूण आरंभीच मृत झाला असल्यास रक्ताचे कडे दिसते. अंड्याच्या बोथट टोकाकडील हवेची पोकळी दिवसागणिक मोठी होत जाते. तिच्या आकारावरून उबवणीतील आर्द्रता कमी की अधिक, याचाही अंदाज येतो. पांढऱ्या कवचात हे सहज दिसते, तपकिरी कवचात त्यासाठी अधिक प्रखर प्रकाश लागतो.

यंत्रयुगातील परिवर्तन

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबविण्याची प्राचीन परंपरा होती. तेथील कारागीर उष्णतामापकाशिवाय, अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने कृत्रिम उबवणीवरील आपला ग्रंथ १७४९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सन याने १८८१ मध्ये उष्णता आपोआप नियंत्रित करणारे उबवणी यंत्र तयार केले. यंत्रात एकाच वेळी पुष्कळ अंडी ठेवली जाऊ लागल्याने सडके अंडे वेळीच ओळखणे ही आर्थिक गरज बनली. मेणबत्तीची जागा प्रथम रॉकेलच्या दिव्याने व नंतर विजेच्या दिव्याने घेतली. या परीक्षेचे ‘कँडलिंग’ हे इंग्रजी नाव मात्र मेणबत्तीचीच आठवण देत राहिले.

१९३१ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अर्नेस्ट गुडपाश्चर व ॲलिस वुडरफ यांनी कोंबडीच्या भ्रूणावरणात देवीवर्गीय विषाणू वाढविला. तेव्हापासून राखणदाराची ही परीक्षा प्रयोगशाळेत आली. इन्फ्लूएंझाच्या लशीसाठी सुमारे दहा-अकरा दिवसांचे जिवंत भ्रूण लागतात व ते जिवंत असल्याची खात्री प्रकाशानेच केली जाते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्याच शहरातील सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकातून देण्याची जी लस उपलब्ध केली, तीही अशाच अंड्यांत वाढविलेल्या विषाणूपासून बनविलेली होती.

समारोप

आरंभी या परीक्षेचे महत्त्व हे होते की, पाहणाऱ्याला पाहता येई आणि पाहिलेला जीव वाढतही राही. आज या प्रकाशाकडे एक वेगळे कामही आले आहे. अंडी देणाऱ्या जातींतील नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारण्यावर जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली. त्यावरील एका उपायात तेराव्या दिवसाच्या सुमारास कवचातून प्रकाश टाकून, तपकिरी कोंबड्यांच्या भ्रूणाच्या पिसांचा रंग ओळखला जातो. नर भ्रूण असलेली अंडी उबवणीतून काढली जातात. व्हारोचा राखणदार निर्जीव अंडे बाजूला करीत असे; येथे वाढता जीव बाजूला केला जातो. साहजिकच भ्रूणाला वेदना कितव्या दिवसापासून जाणवते, हा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचला आहे.

न फोडता पाहण्याची क्षमता दोन हजार वर्षांत अतिशय सूक्ष्म झाली. जे दिसले त्याचे काय करावयाचे, हे मात्र प्रकाश सांगत नाही. तो निर्णय आजही अंडे हाती धरणाऱ्या माणसाचाच आहे.