यमुनेवरचे काही दिवस

नोएडाहून मंडी हाऊसला जाताना यमुना बँक आणि इंद्रप्रस्थ या स्टेशनांच्या मधे मेट्रो नदी ओलांडते. खाली काळं पाणी असतं, काही दिवस त्यावर फेसही. डब्यात क्वचितच कुणी मोबाइलमधून मान वर काढतं. गेलं वर्षभर मी मात्र काढते, कारण पिशवीत नाना फडणिसांच्या आत्मचरित्राची टिपणं असतात, आणि त्या अठरा वर्षांच्या मुलाला ही नदी बघायची फार हौस होती.

1760 साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा नाना त्यांच्याबरोबर होते. जन्म 1742 चा, वडील आधीच वारलेले, फडणिशी अंगावर पडलेली. बरोबर आई आणि बायको. मोहिमेवर आई कशाला, असं आजच्या वाचकाला वाटेल. पण फौजेच्या सोबतीने तीर्थं करणं ही तेव्हाची सोय होती; एरवी एवढ्या लांबच्या वाटेवर संरक्षण कोण देणार? त्यामुळे फौजेमागे बाजारबुणगे, बायकापोरं आणि यात्रेकरू असा भला मोठा लोंढा होता. नानांच्या लिखाणात मथुरा-वृंदावनाचं दर्शन आहे, नद्यांची स्नानं आहेत. कृष्णाच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा प्रत्यक्ष त्या जागी उभा राहतो आणि काही काळ मोहीम विसरतो.

हा भाग मी अनुवादून पाठवला तेव्हा एका प्रकाशकाने सुचवलं की तीर्थांची पानं आटोपशीर करा, वाचकाला पानिपत हवं असतं. सूचना अगदीच चुकीची नव्हती. पानिपत म्हटलं की आपल्याला भाऊ, विश्वासराव आणि फुटलेल्या बांगड्या आठवतात. मोहीम मार्चमध्ये निघाली, लढाई जानेवारीत झाली. मधले दहा महिने माणसं नुसती मरणाची वाट बघत बसली नव्हती, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

दिल्ली 1760 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला हाती आली. मग ऑक्टोबरपर्यंत मुक्काम. पंचांग मागे नेऊन पाहिलं तर नागपंचमी, गोकुळाष्टमी, गणेशचतुर्थी, पितृपक्ष, सगळं या मुक्कामात येतं. यमुनेला पूर, पलीकडच्या मुलखात अब्दाली, इकडे पैसा आणि दाणावैरण दोन्हींची ओढाताण. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले गेले, ते याच दिवसांत. सणाला नैवेद्य कशाचा केला असेल, हा प्रश्न मला छताच्या चांदीपेक्षा जास्त छळतो. घटस्थापनेच्या सुमारास फौज उत्तरेकडे हलली, 17 ऑक्टोबरला कुंजपुरा पडलं, तिथे धान्य मिळालं आणि दोन दिवसांनी दसरा आला. पोटभर जेवून केलेला बहुतेकांचा तो शेवटचा सण.

(जाता जाता: लढाई संक्रांतीला झाली असं आपण सर्रास म्हणतो. 14 जानेवारी 1761 ही तारीख बरोबर आहे, पण त्या काळी संक्रांत तीन-चार दिवस आधी यायची. ‘संक्रांत कोसळणं’ या शब्दांना पानिपत चिकटलं ते आजच्या कॅलेंडरमुळे.)

प्रकाशकाच्या म्हणण्यात एक काटा मात्र आहे, आणि तो मला टाळता येत नाही. ज्या लोंढ्याने वृंदावन पाहिलं त्याच लोंढ्याने फौजेचा वेग खाल्ला. पानिपतला कोंडी झाली तेव्हा तीच तोंडं उपाशी होती. नानांचं सुख आणि फौजेचं ओझं एकाच गाड्यावर लादलेलं होतं. म्हणून ती पानं गाळायची? मला उलट वाटतं. ती गाळली तर एवढी माणसं तिथे का होती, हेच कळत नाही.

या मजकुराचा इंग्रजी अनुवाद जॉन ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकात केला, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी. पेशवाई बुडाली त्या काळात ते कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. मोहिमेतल्या मुक्कामांची चव त्यांना ठाऊक असणार. मी त्यांचं इंग्रजी शेजारी ठेवून काम करते, भांडतेही.

लढाईनंतर नाना अंगावरचे कपडे टाकून पायी पळाले. उपाशी असताना एका बैराग्याकडून थोडं पीठ मिळालं, त्याच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या, आणि त्या किती गोड लागल्या हे लिहायला ते विसरले नाहीत. पुढे रेवाडीत आसरा मिळाला. रेवाडी आज आमच्या एनसीआरमध्येच मोडते. या वाटेने मी कितीदा तरी जयपूरला गेले आहे, चहाही घेतला आहे.

बायको त्यांना पुढे भेटली. आई भेटली नाही. तिथवर अनुवाद आला तेव्हा मी वही मिटली आणि मागे जाऊन स्नानाची वाक्यं पुन्हा काढली. त्या प्रवासात आई बरोबर होती.