संवाक्य (भरती परीक्षांतील)

दोन विधानांतील सामाईक पदाच्या आधारे तिसरे विधान काढण्याची अनुमानपद्धती. मूळ मांडणी ॲरिस्टॉटलची (इ. स. पू. 384–322). परंपरेने मोजलेल्या 256 आकारांपैकी 24 ग्राह्य मानतात. रिकाम्या वर्गाची शक्यता धरली तर 15 उरतात. चंद्रपूर आणि त्यातून 1982 साली वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत पोलीस शिपाई व वनरक्षक भरतीच्या तयारीत ‘विधाने व निष्कर्ष’ या नावाने तिचा सराव होतो.

या प्रश्नांत चुकणाऱ्याचा तर्क कच्चा, हे मत तपासून पाहायला हवे. ‘सर्व वाघ मांसाहारी असतात, मार्जारकुळातील सर्व प्राणी मांसाहारी असतात, म्हणून सर्व वाघ मार्जारकुळातील आहेत.’ तिन्ही विधाने खरी, तरीही निष्कर्ष निघत नाही. ‘वाघ’ खोडून ‘लांडगे’ लिहा: आधारविधाने खरीच राहतात, निष्कर्ष मात्र खोटा ठरतो. ‘मांसाहारी’ हे मध्यपद, म्हणजे सामाईक पद, दोन्हीकडे अव्याप्त आहे: त्या वर्गातल्या सर्वांविषयी कुठेच काही सांगितलेले नाही. दोष तिथे आहे. ताडोबाच्या व्याघ्रप्रकल्पाशेजारी वाढलेला उमेदवार इथे ‘बरोबर’ अशी खूण करतो, ती वाघ ठाऊक असल्यामुळे. भारतीय न्यायदर्शनात मात्र अनुभवाला जागा आहे: त्याच्या पंचावयवी, म्हणजे पाच अवयवांच्या, वाक्यात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान) आणि हेतू (कारण) यांनंतर उदाहरण द्यावेच लागते. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती (अटळ साहचर्य) चुलीपाशी पाहिलेली असावी लागते. मोहफुले वेचायच्या दिवसांत डोंगरावरचा धूर पाहून वणवा ओळखणारा माणूस हेच अनुमान करतो. परीक्षा त्यातला अनुभव बाजूला ठेवून केवळ आकार विचारते.

दुसरी अडचण मराठीची आहे, आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. ‘काही झाडे मोहाची आहेत’ हे ऐकणारा ‘सगळी नाहीत’ असेही गृहीत धरतो. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे किमान एक. सगळी असली तरी विधान खरेच. ‘सगळी पाने तेंदूची नाहीत’ या वाक्याचे तर दोन अर्थ होतात: एकही नाही, किंवा काही नाहीत. यावर आक्षेप असा, की वेन आकृती काढली की गोंधळ मिटतो. पण जॉन वेनने 1880 साली मांडलेली ही आकृती वाचलेल्या अर्थाचीच निघते; अर्थ चुकला, तर वर्तुळे कितीही नेटकी काढली तरी उत्तर चुकणारच. नियम पाठ करून हे साधते, असेही म्हणतात. सरावाने साधते, हे खरे; पण ज्यांच्या घरची भाषा गोंडी किंवा माडिया, म्हणजे द्रविड कुळातली, त्यांना तोच सराव परक्या वाक्यरचनेतून करावा लागतो. त्यांचे गुण कमी पडले, म्हणून तर्कशक्ती कमी असे म्हणता येत नाही.



प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘काही म्हणजे किमान एक’ ही ओळ प्रश्नाच्या डोक्यावर छापावी आणि ‘सर्व… नाहीत’ ऐवजी अर्थानुसार ‘एकही… नाही’ किंवा ‘काही… नाहीत’ असे लिहावे.