बाप्तिस्म्याचे नाव : अर्थ आणि जबाबदारी

बाप्तिस्मा विधीच्या प्रारंभी धर्मगुरू चर्चच्या दाराशी आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. उत्तर एका शब्दाचे असते; परंतु तो शब्द त्या बाळाला आयुष्यभर पुरायचा असतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. नाव आणि जीवन यांत अंतर पडू शकते, हे आपले पूर्वज जाणून होते. हे अंतर कसे भरून येते, याविषयी पवित्र शास्त्र काय सांगते ते आपण पाहू या.

पवित्र शास्त्रातील नावे

जुन्या करारात नाव ही केवळ ओळखीची खूण नाही. अब्रामाला देवाने ‘अब्राहाम’, म्हणजे अनेक राष्ट्रांचा पिता, हे नाव दिले तेव्हा तो नव्याण्णव वर्षांचा होता आणि इसहाकाचा जन्म व्हायचा होता (उत्पत्ती १७). वचन आधी आले, त्याची पूर्तता नंतर झाली. याकोबाच्या नावाचा संबंध टाच धरण्याशी आणि फसवणुकीशी जोडला जातो. आशीर्वाद मागणाऱ्या याकोबाला प्रथम स्वतःचे नाव उच्चारावे लागले आणि त्यानंतरच त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळाले (उत्पत्ती ३२). जुन्या स्वभावाची कबुली दिल्याशिवाय नवे नाव मिळत नाही, असा बोध आम्हाला यातून होतो.

खडकाची जडणघडण

प्रभू येशूने शिमोनाला ‘केफा’, म्हणजेच पेत्र, खडक, हे नाव दिले (योहान १:४२). त्या वेळी शिमोनाच्या स्वभावात खडकासारखे फारसे काही नव्हते. गेथशेमाने बागेत तो झोपी गेला, तेव्हा येशूने त्याला ‘शिमोना’ अशीच हाक मारली (मार्क १४:३७). पुढे त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबेर्या समुद्राच्या किनारी प्रभूने त्याला तीन वेळा प्रीतीविषयी विचारले, तेही जुन्याच नावाने (योहान २१). मात्र दिलेले नाव प्रभूने परत घेतले नाही. अखेरीस रोममध्ये पेत्राने रक्तसाक्ष दिली, असे ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. नाव एका क्षणात मिळाले. त्या नावाचा माणूस घडायला मात्र संपूर्ण आयुष्य लागले.

ओनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. हा फिलेमोनाचा दास धन्यापासून दुरावला आणि पौलाच्या सहवासात ख्रिस्ताकडे वळला. पूर्वी निरुपयोगी ठरलेला हा मनुष्य आता खरोखर उपयोगी झाला आहे, असे पौलाने त्याच्या नावाच्या अर्थाचा आधार घेत फिलेमोनाला कळविले. बर्णबाची गोष्ट याउलट आहे. त्याचे मूळ नाव योसेफ. इतरांना धीर देण्याच्या त्याच्या वृत्तीला साजेसे नाव प्रेषितांनी त्याला दिले (प्रेषितांची कृत्ये ४:३६). पुढे सर्वजण शौलाला भीत असताना बर्णबानेच त्याला प्रेषितांकडे नेले.

नाव एक, माणसे दोन

तरीही नावात जादू नसते. यहूदा या नावाचा संबंध परमेश्वराच्या स्तुतीशी आहे. बारा प्रेषितांमध्ये या नावाचे दोघे होते. एकाने तीस रुपयांसाठी गुरूला धरून दिले. दुसऱ्याला, संत ज्यूड थॅडियस यांना, आज असंख्य भाविक हताश प्रसंगी मध्यस्थीची विनवणी करतात. शब्द एकच, अर्थही एकच. फरक पडला तो दोघांच्या निवडीने.

आपल्या घरातील नावे

वसई परिसरातील आपल्या जुन्या पिढीच्या नावांवर पोर्तुगीज अमदानीची छाप आहे. ‘पास्कू’ या नावात पास्काचा सण दडलेला आहे, तर ‘दुमिंग’ हे नाव प्रभूच्या वाराची आठवण देते. ही नावे धारण करणाऱ्या कित्येकांना त्यांचे अर्थ कधी कोणी सांगितलेच नाहीत, याची आम्हाला खंत वाटते. ‘गोन्सालो’ हे नावही परकीय भाषेतले; पण वसईच्या या सुपुत्राने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण केले आणि १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले. आज आपण हे नाव घेतो ते त्यांच्या साक्षीसाठी. माणूस नावाला असाही अर्थ देऊ शकतो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार (कलम ८५५) ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावयाची आहे. नाव संताचेच हवे, अशी सक्ती त्यात नाही. करुणा, आशा, शांती अशी सद्गुणवाचक मराठी नावेही ख्रिस्ती जीवनाशी सुसंगतच आहेत.

म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे की, नाव कानाला गोड लागते एवढ्यावरच निवड करू नये. बाळाला समज येताच त्याला नावाचा अर्थ सांगावा, संताचे नाव असल्यास त्यांची जीवनकथा ऐकवावी आणि त्या संताच्या सणाच्या दिवशी त्याला मिस्साबलिदानाला न्यावे. मूल चुकले तर ‘नावाला काळिमा फासलास’ असे बोलण्याची घाई मात्र करू नये. प्रभूने पेत्राला वेळ दिला. आपणही आपल्या लेकरांना तो द्यावा.